प्रश्नाखालची मोकळी जागा

अक्का, तुमच्या शोकसभेची बातमी शेवटी मलाच लिहावी लागली. तुम्ही कितीदा तरी म्हणाला होतात, "वसुधाबाई, माझ्यामागें हा बोर्ड तुमचा," आणि दर वेळी मी हात झटकले होते. "मला नको हो तुमचं ते लचांड. माझा भूगोल बरा नि मी बरी." तुम्ही हसायच्या आणि माझ्या डब्यातलं थालीपीठ न विचारता उचलायच्या. आता हसा पोटभर. लचांड माझ्या गळ्यात पडलंय.

बोर्ड म्हणजे काय ते तुम्हाला काय सांगायचं? पण सांगते, कारण तुम्ही गेल्यापासून जो तो मला विचारतोय, एवढं काय आहे त्या बोर्डात म्हणून. आमच्या घरीही विचारून झालं. कलाशाखेच्या मोठ्या दारातून आत आलं की समोरच्या भिंतीवर हिरव्या कापडाचा एक लांबलचक बोर्ड. समुद्राचा वारा थेट आत येतो, त्यामुळे टाचण्यांना गंज चढलेला आणि कागद सारखे फडफडत असलेले. शाखेत महिनाभरात काय काय झालं त्याच्या बातम्या तिथे लागतात. तुम्ही इतिहास शिकवायच्या, आणि हे काम कुणालाच नको होतं म्हणून तुमच्या पदरात पडलं. बाकीच्या शाखांत बातमी कशी असते? अमुक पाहुणे आले, तमुक साहेबांनी समई लावली, शाल, श्रीफळ, फोटो. तुम्ही तो सगळा सरंजाम काढूनच टाकलात. तुमची बातमी म्हणजे वर कार्यक्रमाचं नाव, आणि त्याखाली श्रोत्यांमधून कुणीतरी विचारलेला एक प्रश्न, विचारणाऱ्याच्या नावासकट. ज्या भाषेत विचारला त्याच भाषेत, त्याच लिपीत, आणि खाली बारीक अक्षरात त्याचा अर्थ. संपलं. त्याखाली हातभर मोकळी जागा, आणि बाजूला सुतळीला बांधलेली पेन्सिल. ज्याला वाटेल त्याने लिहावं.

"अहो, पण स्टेजवरच्यांची नावं कुठायत?" असं मी पहिल्याच महिन्यात विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "स्टेजवर बसलेल्यास आपण काय बोललों तें ठाऊक असतें. त्यास बातमी कशास?"

तुमची ती मराठी! सांगलीहून नवऱ्याच्या नोकरीपायी मी इथे तमिळ मुलखात आले. तो गाड्यांच्या कारखान्यात, मी वेलचेरीच्या फ्लॅटमध्ये चार भिंतींशी बोलत बसलेली. शाखेत नोकरी लागली तेव्हा एक शब्द मराठीचा कानावर पडेल अशी आशा नव्हती. आणि स्टाफरूममध्ये एक काळ्यासावळ्या, जाड चष्म्याच्या, केसात मोगरा माळलेल्या बाई माझ्यासमोर येऊन म्हणाल्या, "तुम्हांस कॉफी पाहिजे काय?" चाल सगळी तमिळ आणि शब्द थेट जुन्या कागदपत्रांतले. मला हसू आवरेना. तुम्ही मुळीच रागावला नाहीत. "आमचे लोक तंजावरांत येऊन राहिले ते राहिलेच. आमची मराठी निवांत आहे. तुमची बस सुटत असते नेहमी." त्या दिवसापासून तुम्ही माझ्या अक्का.

निवांत कसल्या! महा हट्टी बाई तुम्ही. आपल्या इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत मुंबईहून आलेल्या वक्त्यांना तुम्ही भर सभेत विचारलंत, "हें सर्व आपण कोठें वाचलें, कीं ऐकलें?" वक्ते गडबडले. पुढच्या वर्षापासून मंडळाची पत्रिका तुमच्याकडे यायची बंद झाली, आणि तुम्ही म्हणालात, बरं झालं, वर्गणी वाचली. मी कपाळाला हात लावला. घरी येऊन मात्र हसता हसता माझे डोळे पुसून घ्यावे लागले.

तर बोर्ड. पोरांना चटकच लागली होती त्याची. आपला प्रश्न लागेल, खाली आपलं नाव येईल, म्हणून जी पोरं हजेरीपुरती मागे बसायची ती पुढे सरकायला लागली. आणि मग विभागप्रमुखांच्या डोक्यात युक्ती आली. प्रश्न आपणच लिहून द्यायचे, हुशार पोराकडून विचारून घ्यायचे, म्हणजे बोर्डावर आपल्या विभागाचं नाव झळकेल. आठवतं ना तुम्हाला? एका विभागाच्या चर्चासत्रात भाषण संपलं. एक मुलगा घाम पुसत उभा राहिला आणि पाहुण्यांकडे न बघता, पहिल्या रांगेतल्या आपल्या सरांकडे वळून म्हणाला, "सर, आता विचारू का?" सभागृह हशाने फुटलं. दुसऱ्या दिवशी बोर्डावर ठळक अक्षरात प्रश्न होता: "सर, आता विचारू का?" खाली त्या पोराचं नाव. ते सर वर्षभर तुमच्याशी बोलले नाहीत. तुम्ही मला शपथेवर सांगत होतात, "तोच एक खरा प्रश्न होता त्या दिवशीं. बाकीचे सर्व टाइप केलेले होते."

आणि दुपारच्या जेवणाच्या वेळेवर भाषण चढत गेलं तो दिवस? थोर पाहुणे होते, थांबेचनात. शेवटी कोणी काही विचारावं म्हटल्यावर मागून एकच आवाज आला, "मॅडम, जेवण किती वाजता?" तेही लावलंत तुम्ही बोर्डावर! डीनसाहेब तुम्हाला बोलवायला स्वतः आले. मी म्हटलं, आता अक्कांची खैर नाही. तुम्ही शांतपणे म्हणालात, "सर, त्यांनी हाच प्रश्न विचारला. मी दुसरा कोठून आणूं?" डीनसाहेब हसू दाबत परत गेले. चांगला माणूस आहे तो, हे मी तेव्हाही म्हणत होते. तुम्ही म्हणायच्या, चांगला आहे पण सही करायच्या आधी घाबरतो.

आपली खरी भांडणं त्या मोकळ्या जागेवरून व्हायची. मला ती जागा बघवत नसे. पोरं काहीबाही लिहायची. क्रिकेटचे स्कोअर, हृदयात बाण, "कॅन्टीनच्या सांबारात डाळ कुठे आहे?" मी तुम्हाला म्हणायची, अक्का, प्रश्न लावता तर उत्तरही लावा ना. आपण मास्तर माणसं, प्रश्न उघडा टाकून जायचं म्हणजे काय? तुम्ही म्हणायच्या, "उत्तर लाविलें कीं लोक वाचून निघून जातात." मी म्हणायची, "जाऊ द्या की! त्यांना दुसरी कामं नाहीत का?" मग तुम्ही विषय बदलून सांगायच्या, उद्या डांगर पचडी आणते. भाजलेल्या उडदाच्या पिठाची, दह्यात कालवलेली ती पचडी म्हणजे तुमची लाच होती, आणि मी दर वेळी खायची. भांडण तिथेच थांबायचं, संपायचं कधीच नाही.

सेल्वीच्या प्रश्नाच्या वेळी मात्र मी खरंच चिडले होते. पुरावर व्याख्यान होतं. सेल्वी तेव्हा पहिल्या वर्षाला, वेलचेरीचीच, पण आमच्या उंच इमारतींच्या मागच्या गल्लीतली. एरवी तोंडातून शब्द नाही. ती उठली आणि तमिळमधून म्हणाली, "सर, पाणी दर वर्षी आमच्याच गल्लीत का येतं?" व्याख्याते छानसं काहीतरी बोलून बसले. बोर्डावर प्रश्न लागला. माझा विषय, माझा भाग, मला गप्प बसवेना. मी पेन काढलं, पेन्सिल नव्हे, आणि मोकळ्या जागेत नीट चार ओळी लिहिल्या. जुन्या तळ्याची जमीन, खोलगट उतार, बुजलेले नाले, पाण्याला वाटच नाही. सगळं बरोबर. खाली सहीसुद्धा केली.

दुसऱ्या दिवशी बघते तर माझ्या ओळींवर पांढऱ्या कागदाची पट्टी. खळ लावून, चारी कोपरे दाबून चिकटवलेली. माझं पित्त खवळलं. तशीच तुमच्या वर्गाबाहेर जाऊन उभी राहिले.

"अक्का, माझं उत्तर झाकलंत तुम्ही?"

"झांकलें."

"चूक होतं का?"

"अय्यो, नाहीं! बरोबर होतें. म्हणूनच झांकलें." आणि चष्मा पुसत, अगदी गंभीर चेहऱ्याने, "चुकीचें असतें तर राहूं दिलें असतें. चुकीचें वाचून कोणी तरी भांडावयास आलें असतें."

आठवडाभर मी तुमच्याशी बोलले नाही. डबासुद्धा लपवून खाल्ला. तेवढ्यात त्या पट्टीखाली कुणीतरी पेन्सिलीने लिहिलं, "आमच्याही गल्लीत येतं. तू कुठली?" खाली सेल्वीने गल्लीचं नाव लिहिलं. मग आणखी कुणी, "आम्ही सामान माडीवर नेतो, पण आजीला नेता येत नाही." त्याखाली वेगळ्याच अक्षरात फोन नंबर. मी जाता येता वाचायची आणि म्हणायची, झालं, बोर्डाचा चावडीकट्टा झाला. पुढच्या पावसाळ्यात पाणी चढलं तेव्हा ही पोरं एकमेकांच्या घरी जाऊन म्हातारी माणसं, गादी, गॅसची टाकी वर उचलत होती. आमच्या इमारतीत तळमजल्याच्या मामींना वर आणायला कोण आलं माहितेय? सेल्वी आणि तिच्याबरोबर दोन पोरं. मामी पोरांवर ओरडत होत्या आणि पोरं हसत होती. हे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं असं नाही, सांगितलं होतं. तुम्ही "बरें झालें" एवढंच म्हणालात. "बघा, मी म्हणत होतें ना" असं म्हणायची आयती संधी होती आणि तुम्ही सोडून दिलीत. माझ्या हातात ती आली असती तर मी वर्षभर पुरवून वापरली असती, अक्का. तुमचा हा मोठेपणा मला तेव्हा पचला नव्हता, आज मात्र आठवला की भरून येतं.

आणि तरी सांगते, माझं उत्तर बरोबरच होतं.

तुमचे शेवटचे दोन महिने त्या स्क्रीनच्या भांडणात गेले. विद्यापीठाने ठरवलं, प्रत्येक शाखेत दारासमोर मोठा स्क्रीन. बातम्या एका ठरलेल्या साच्यात: फोटो, मान्यवरांची नावं, दोन ओळी. आपला बोर्ड काढून त्याच भिंतीवर तो बसवायचा. तुम्ही डीनसाहेबांकडे जाऊन आलात आणि पहिल्यांदाच मला थकलेल्या वाटलात. "वसुधाबाई, स्क्रीनवर पेन्सिल चालत नाहीं," म्हणालात. मी म्हटलं, "अहो अक्का, जग बदलतं, जाऊ द्या." तुम्ही मग म्हणालात, "मी नसेन तेव्हां तरी तुम्ही जाऊं द्या म्हणूं नका." मला वाटलं, निवृत्तीचं बोलताय. पुढच्या वर्षी निवृत्तच होणार होतात ना तुम्ही. मी म्हटलं, "मी बोर्ड घेतला तर सगळी उत्तरं लिहून टाकीन हं." तुम्ही म्हणालात, "लिहा. मी येऊन झांकीन."

आणि मग एका रविवारी दुपारी जेवून पडलात, त्या उठलाच नाहीत. फोन आला तेव्हा मी वाळत घातलेले कपडे काढत होते. एक साडी हातात घेऊन मी किती वेळ उभी होते कुणास ठाऊक. नवऱ्याने येऊन हातातून काढून घेतली.

शोकसभा कशी झाली ते ऐका. तुमच्या फोटोला मोगऱ्याचा हार, पुढे उदबत्ती, मंचावर खुर्च्या. तुम्हाला आवडली नसती. एकेक जण उठून "भरून न येणारी पोकळी" म्हणत होता, आणि वर्षभर तुमच्याशी न बोललेले ते सरही खूप गहिवरले. मी शेवटच्या रांगेत, दाराजवळ, पंख्याच्या बटणांपाशी बसले होते. प्रत्येक कार्यक्रमात तिथे तुमची खुर्ची असायची. कोण कंटाळलंय, कोण निसटतंय, कुणाचा हात अर्धवट वर जाऊन खाली येतोय, ते तिथून दिसायचं. ती खुर्ची मी रिकामी ठेवली होती, आणि एका प्राध्यापकांनी तिच्यावर पिशवी ठेवली तेव्हा मी ती उचलून त्यांच्या मांडीवर दिली.

पहिल्या रांगेत तुमचे यजमान, माधवराव. त्यांना मी इतक्या वर्षांत दोनतीनदाच भेटले असेन. जॉर्ज टाउनमध्ये कागदाच्या ठोक व्यापाऱ्याकडे हिशेबाला असतात, आणि बोर्डाचे मोठे पांढरे कागद दर महिन्याला तेच आणून देतात, एवढं माहीत होतं. पण त्यांच्या दुकानाला सुटी रविवारी आणि आपल्यालाही रविवारी, म्हणून ते इथे कधी आले नव्हते. पांढरा शर्ट, कपाळाला गंध, आणि काखेत कागदाची गुंडाळी. शोकसभेला गुंडाळी कशाला आणली असेल हे कळेना. ती खाली ठेवायलाही ते तयार नव्हते.

दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून झालं. डीनसाहेब "सभा संपली" म्हणणार, तेवढ्यात माधवरावांनी हात वर केला. अक्का, शाळेतल्या मुलासारखा, कोपर सरळ, बोटं जुळवलेली. शोकसभेत हात कोण वर करतं? डीनसाहेब गोंधळून "सर, प्लीज" म्हणाले. माधवराव उभे राहिले, सगळीकडे बघितलं, मी दिसले तसे माझ्याकडे बघत तुमच्या घरच्या मराठीत म्हणाले, "ती सांगत असे, येथें येणाऱ्यानें विचारावें. म्हणून विचारतों. अंबुजा कोठें बसत होती?"

मग त्यांच्या लक्षात आलं की कुणालाच कळलेलं नाही. तेच तमिळमध्ये पुन्हा विचारलं, यावेळी आवाज जरा खाली गेला.

मी उठले. मला तर माहीतच होतं! शेवटची रांग, दाराजवळ, पंख्याच्या बटणांपाशी, ही काय खुर्ची. तोंड उघडणार तोच बघते, सभागृहभर हात वर झालेले. आणि प्रत्येक हात वेगळीकडे! कुणी खिडकीकडे दाखवतोय, कुणी मागे लायब्ररीच्या बाजूला, कुणी वर दुसऱ्या मजल्याकडे. कॅन्टीन चालवणाऱ्या अम्मा दारात उभ्या होत्या, त्या स्वतःच्या पायाकडे बोट दाखवत होत्या. सेल्वी, आता एमएला आहे ती, बाहेरच्या पायऱ्यांकडे हात करून रडत होती. डीनसाहेबांचा हात मंचावरून थेट बाहेरच्या व्हरांड्याकडे होता, आणि तो आपला हात आहे याचं त्यांना भान नसावं. माधवराव एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिले. मी तोंड मिटून खाली बसले.

जाताना ते माझ्यापाशी आले. गुंडाळी माझ्या हातात दिली. "नवा महिना लागला," म्हणाले. "कागद."

मी नाही कसं म्हणणार होते, सांगा.

दुसऱ्या दिवशी डीनसाहेबांनी बोलावलं. स्क्रीन येऊन पडला होता. त्यावरची पहिली बातमी तुमच्या शोकसभेचीच लावावी अशी त्यांची इच्छा होती, आणि ती इच्छा मनापासून होती. फोटो, बोलणाऱ्यांची नावं, दोन ओळी. तुम्ही लिहून द्या, म्हणाले. मी तिथेच कागदावर लिहून दिलं: 'प्रा. अंबुजाबाई यांची शोकसभा', आणि खाली माधवरावांचा प्रश्न. त्यांनी कागद उलटून मागे बघितलं.

"मॅडम, नावं कुठायत?"

"हे काय, माधवराव. विचारणारे."

"आणि खाली?"

"खाली मोकळी जागा सोडा."

"अहो, स्क्रीनवर मोकळी जागा सोडली की लोक म्हणतात स्क्रीन बिघडलाय!" खरंच काकुळतीला येऊन म्हणाले ते. मला हसू आलं, आणि हसता हसताच मी म्हटलं, "सर, मग बोर्डावर लावते. तुमची माणसं बोर्ड काढायला कधी येणार आहेत?" ते म्हणाले, शुक्रवारी. मी म्हटलं, "तोवर तर राहू दे." ते नाही म्हणाले नाहीत.

मग मी माधवरावांचा कागद उलगडला. अक्का, तुमचं अक्षर म्हणजे मुंग्यांची वारूळं, पण सवयीचं होतं. माझं अक्षर त्या कागदावर फारच नीटनेटकं दिसायला लागलं, भूगोलाच्या तक्त्यासारखं. प्रश्न आधी देवनागरीत: अंबुजा कोठें बसत होती? लिहिताना लक्षात आलं, इतक्या वर्षांत तमिळ, इंग्रजी, तेलुगू, मल्याळी, सगळे प्रश्न लागले त्या बोर्डावर. मराठी हा पहिलाच. तुम्ही मराठी, मी मराठी, आणि आपल्याला कधी सुचलं नाही तिथे काही विचारायचं. खाली बारीक अक्षरात तमिळ अर्थ. मोकळी जागा सोडताना हात आवरेना, म्हणून सगळा उरलेला कागदच मोकळा सोडला. पेन्सिलीला टोक काढलं आणि निघून आले. त्या दिवशी मुद्दाम मागच्या दाराने घरी गेले. कुणी क्रिकेटचा स्कोअर लिहिला असता तर मला सोसलं नसतं.

सकाळी आले तर दारात गर्दी. पोरं पेन्सिलीसाठी थांबली होती, आणि काही जणांनी आपापली पेन्सिल आणली होती.

"लायब्ररीच्या मागच्या पायऱ्यांवर, माझ्या शेजारी. मी नापास झालो होतो." "खिडकीपाशी. मला ऊन लागतं म्हणून जागा बदलून घेतली." "कॅन्टीनच्या पायरीवर, भांडी वाळत होती तिथे." हे अम्मांनी कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. "दुसऱ्या मजल्यावर, माझ्या पहिल्या लेक्चरला, शेवटच्या बाकावर. मी थरथरत होते." सेल्वीने लिहिलं होतं, "बाहेरच्या पायऱ्यांवर. पाऊस थांबेपर्यंत." अक्का, मला वाटायचं तुम्ही कायम माझ्याबरोबर स्टाफरूममध्येच असायच्या. एवढ्या ठिकाणी बसायला तुम्हाला वेळ कधी मिळाला?

दुपारी डीनसाहेब आले. हात मागे बांधून सगळं वाचलं. मी लांबून बघत होते. मग पेन्सिल घेतली त्यांनी, इकडेतिकडे पाहिलं आणि लिहिलं. नाव घातलं नाही, पण इतक्या वर्षांच्या सूचनापत्रांवर ते अक्षर मी बघितलंय: "माझ्या इंटरव्ह्यूच्या दिवशी, व्हरांड्यातल्या बाकावर. मला कॉफी पाहिजे का विचारलं." शुक्रवारी माणसं शिडी घेऊन आली तेव्हा त्यांनी स्वतः खाली येऊन सांगितलं, स्क्रीन त्या बाजूच्या भिंतीवर लावा, इथे नको. मी विचारलं, "सर, आणि पुढच्या टर्मला?" ते म्हणाले, "पुढच्या टर्मचं पुढच्या टर्मला बघू, मॅडम." सही मात्र अजून केलेली नाही. तुम्ही म्हणायच्या तसंच आहे ते. पण आता मी आहे ना, मी बघते.

माधवरावांना मी रविवारी घेऊन गेले. वॉचमनकडून दार उघडवून घेतलं. सगळा कागद त्यांनी वाचला, तमिळ, इंग्रजी, सगळा. एका एका जागेला उठून गेले. पायरीवर बसले, बाकावर बसले, खिडकीपाशी जरा जास्तच बसले. पंख्याच्या बटणांजवळच्या त्या खुर्चीतही बसले. मी सांगितलं नव्हतं, कुणीतरी कागदावर लिहिलं होतं ते. निघताना विचारलं, "पुढचा कागद कधीं पाहिजे?" मी म्हटलं, "एक तारखेला."

ते गेल्यावर मी एकटीच बोर्डासमोर उभी राहिले. कागदावर फार जागा उरली नव्हती, खालच्या कोपऱ्यात एका ओळीपुरती होती. मी पेन काढलं. हो, पेनच. लिहिलं: "माझ्या समोर." आणि खाली सही केली.

उत्तर बरोबर आहे, अक्का. या आता, झाका.